विदूषकाच्या वेषातला हेर

जेम्स बाँड या ब्रिटिश हेराच्या चित्रपटमालिकेला १९६२ साली ‘डॉ. नो’पासून आरंभ झाला. २०२१ साली पडद्यावर आलेला ‘नो टाइम टू डाय’ हा या मालिकेतील पंचविसावा चित्रपट. त्यानंतर, २०२५ च्या फेब्रुवारीत, ब्रोकोली घराण्याने इतकी वर्षे सांभाळलेली या मालिकेची सूत्रे अ‍ॅमेझॉन कंपनीच्या हाती गेली आणि त्याच वर्षी पुढील चित्रपटाचे दिग्दर्शक म्हणून डेनी व्हिलनव्ह यांचे नाव जाहीर झाले. व्हिलनव्ह यांचा लौकिक गंभीर प्रकृतीच्या दिग्दर्शकाचा. त्यामुळे एक जुनाच प्रश्न पुन्हा डोके वर काढणार हे उघड आहे. नवा बाँड हसणार की नाही? आणि हसलाच तर कोणाला हसणार?

परभणीच्या शिक्षकाने किंवा कचेरीतल्या कारकुनाने या प्रश्नाची उठाठेव का करावी, अशी शंका कोणी घेईल. पण गांभीर्यात विनोद किती आणि कसा मिसळावा, हा प्रश्न काही लंडनच्या चित्रपटगृहांतच जन्मलेला नाही. मराठवाड्यातील खेड्यांत सुगीनंतर बहुरूपी येत असे. अंगात पोलिसाचा गणवेश, डोक्यावर टोपी, हातात कसलासा कागद. एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थावर भलताच आरोप ठेवून तो त्याच्या नावाचे वॉरंट काढी. पहिला क्षण भीतीचा असे. दुसऱ्या क्षणी सोंग ओळखू येई आणि सारी आळी हसू लागे. ते हसू त्या पहिल्या क्षणाच्या भीतीवर उभे असे. गणवेशाचा खराखुरा धाक ज्यांच्या मनात आहे, त्यांनाच त्या गणवेशाच्या सोंगाची गंमत कळते.

हेर आणि बहुरूपी यांचे नाते मराठी माणसाला नवे नाही. शिवाजी महाराजांच्या हेरखात्याचे प्रमुख बहिर्जी नाईक यांच्या वेषांतराच्या कथा पिढ्यान् पिढ्या सांगितल्या जातात. त्यांतील इतिहास किती आणि आख्यायिका किती, हा भाग वेगळा. परंतु लोकांच्या मनातला हेर हा सोंगे घेणारा आहे, हे महत्त्वाचे. मराठवाड्याने तर निजामी राजवटीच्या अखेरच्या पर्वात गुप्त निरोपांचे आणि खबऱ्यांचे दिवस प्रत्यक्ष पाहिले. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत या भागात ओळख लपविणे हा करमणुकीचा विषय नव्हता. सोंग उघडे पडले तर काय होते, हे लोक जाणून होते. हेरकथेतले हास्य अशा जोखमीच्या शेजारीच राहत असते आणि जोखीम नाहीशी झाली की तेही निस्तेज होते. बाँडच्या साठ वर्षांच्या प्रवासातून निघणारे तात्पर्य हेच आहे.

इयान फ्लेमिंग यांची ‘कॅसिनो रॉयल’ ही पहिली बाँड कादंबरी १९५३ साली प्रसिद्ध झाली. त्यांचा नायक फारसा विनोदी नाही. पडद्यावर आलेल्या बाँडला मिस्कीलपणा दिला तो प्रामुख्याने दिग्दर्शक टेरेन्स यंग आणि नट शॉन कॉनरी यांनी. शत्रूचा निकाल लावल्यावर एखादे थंड, कोरडे वाक्य टाकून निघून जाण्याची रीत त्यांनी रूढ केली. आरंभीच्या चित्रपटांत ती खपली, शोभलीही. कारण त्याआधीची झटापट खरी वाटत असे. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’मधील आगगाडीच्या डब्यातली मारामारी पाहताना प्रेक्षकाचा श्वास अडकतो. तिच्यानंतर आलेला विनोद हा सुटकेचा नि:श्वास असतो.

पण रीत रूढ झाली की तिचे व्यसन होण्यास वेळ लागत नाही. १९६९ च्या ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’मध्ये लग्नानंतर काही वेळातच बाँडच्या पत्नीची हत्या होते आणि तिचे मस्तक मांडीवर घेऊन बसलेल्या नायकावर चित्रपट संपतो. त्यानंतरच्या ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’ने मात्र या दु:खाकडे जवळजवळ पाठ फिरवून थट्टामस्करीचा रस्ता धरला. पुढे रॉजर मूर यांच्या काळात तो रस्ता हमरस्ता झाला. १९७४ च्या ‘द मॅन विथ द गोल्डन गन’मधील प्रसंग या बाबतीत बोलका आहे. तुटलेल्या पुलावरून मोटार हवेत पूर्ण गिरकी घेऊन पलीकडे उतरते. ही कसरत खरीखुरी होती. संगणकावर गणित मांडून, जिवावर उदार होऊन, एका झेपेत पार पाडलेली. पण त्या गिरकीवर एक गमतीदार शिट्टी वाजविण्यात आली आणि साऱ्या धाडसाचे खेळणे झाले. ज्याने जीव धोक्यात घातला त्याचे श्रेय त्या शिट्टीने हिरावून घेतले. १९७९ च्या ‘मूनरेकर’मध्ये तर व्हेनिसच्या चौकात जमिनीवरून धावणारी नाव पाहून एक कबूतर चमकून मान वळविते. पक्ष्यालाही जेथे आश्चर्याचा अभिनय करावा लागतो, तेथे प्रेक्षकाच्या आश्चर्याला जागा कोठून उरणार?

या मालिकेतील गुण आणि दोष एकाच ठिकाणी पाहावयाचे असतील तर १९८३ चा ‘ऑक्टोपसी’ पाहावा. भारतीय प्रेक्षकाला तो अधिक जवळचा. कारण त्याचा मोठा भाग उदयपूरला चित्रित झाला, त्यात कबीर बेदी यांनी खलनायकाच्या साथीदाराची भूमिका केली आणि टेनिसपटू विजय अमृतराज बाँडचे मदतनीस झाले. पूर्वार्धात विनोदाला धरबंध नाही. शिकारीतून निसटणारा बाँड वाघाला पाळीव कुत्र्यासारखे खाली बसावयास सांगतो. वेलींना लोंबकळताना टारझनची आरोळी ऐकू येते. रिक्षांच्या पाठलागात अमृतराज रॅकेटने गुंडांना बडवितात आणि रस्त्यावरची माणसे टेनिसचा सामना पाहावा तशा माना हलवितात. खिळ्यांची शय्या, धगधगते निखारे, तलवार गिळणारा असा भारताविषयीच्या पाश्चात्त्य कल्पनांचा सारा बाजार तेथे मांडला आहे. जुगारात जिंकलेल्या नोटा भारतीय सहकाऱ्याच्या हातात ठेवताना नायक, आता काही आठवड्यांच्या कालवणाची सोय झाली, अशा अर्थाची कोटी करतो. येथे हसणारा वर उभा आहे आणि ज्याला हसावयाचे तो खाली. यजमानाच्या घरी येऊन त्याच्या ताटाची थट्टा करणे हे विनोदबुद्धीचे लक्षण मानता येत नाही.

त्याच चित्रपटाचा उत्तरार्ध मात्र वेगळीच उंची गाठतो. पश्चिम जर्मनीतील अमेरिकेच्या हवाई तळावर सर्कशीचा खेळ चालू आहे. एका सोव्हिएत सेनापतीने सर्कशीच्या तोफेखाली अणुबाँब दडविला आहे. स्फोट झाला तर तो अपघात समजला जावा, युरोपने घाबरून अण्वस्त्रे सोडून द्यावीत आणि रशियन फौजांना वाट मोकळी व्हावी, हा त्याचा डाव. पोलिसांना चुकवीत तंबूत शिरलेल्या बाँडला विदूषकाचा वेष चढवावा लागतो. रंगविलेले तोंड आणि ढगळ कपडे अशा अवस्थेत तो रिंगणात येऊन बाँब आहे म्हणून सांगतो, आणि प्रेक्षक खो खो हसतात. तो जितक्या कळकळीने सांगतो तितके हसू वाढते. चित्रपटाच्या आरंभी याच विदूषकाच्या वेषातील एका ब्रिटिश हेराचा मृत्यू दाखविला आहे. म्हणून चित्रपटगृहातील प्रेक्षकाला त्या वेषाची किंमत ठाऊक असते आणि तो हसू शकत नाही. पडद्यावर हशा आणि पडद्यासमोर भीती. नायकाचा डौल, त्याचा सूट, त्याची ऐट सारे गळून पडले आहे. आयुष्यभर दुसऱ्यांना हसलेला माणूस सत्य सांगताना स्वत: हास्यास्पद झाला आहे. या मालिकेत विनोद आणि गांभीर्य इतके एकजीव क्वचितच झाले असतील.

वाघाला बसविणारा बाँड आणि विदूषक झालेला बाँड या दोघांतील फरक विनोदाच्या प्रमाणाचा नाही. इतके टक्के हास्य आणि इतके टक्के भय, असा हिशेब मांडून समतोल साधत नाही. पहिल्या प्रसंगात विनोदाने संकटच खोटे ठरविले. दुसऱ्यात संकट खरे राहिले आणि विनोदाची किंमत नायकाला मोजावी लागली. संकटाला जो विनोद धक्का लावीत नाही आणि नायकाच्या अहंकाराला लावतो, तो कितीही असला तरी जड होत नाही.

भारतीय परंपरेने हे फार पूर्वी ओळखले होते. ‘मृच्छकटिका’तला शकार हा राजाचा मेहुणा. पुराणातले दाखले उलटेसुलटे देणारा, बोलण्यात हास्यास्पद असा हा मूर्ख वसंतसेनेचा गळा आवळतो तेव्हा नाट्यगृह स्तब्ध होते. सत्तेच्या आश्रयाने वाढलेला मूर्ख किती घातक असतो, हे त्या हास्यानेच अधिक ठसते. पैठणच्या एकनाथांनी भारुडांत हीच किमया केली. विंचू चावल्याचे सोंग घेऊन तळमळणारा माणूस पाहून श्रोते हसतात आणि तो विंचू म्हणजे स्वत:च्याच मनातील काम-क्रोध आहे हे कळताच अंतर्मुख होतात. गोदावरी पैठणहून पुढे ज्या गंगाखेडच्या घाटाला लागते, त्या परिसरातील श्रोत्याला हसता हसता गंभीर होणे कोणी शिकवावयास नको.

बाँडपटांतही निकोप विनोदाची एक जागा पहिल्यापासून राखलेली आहे. ती म्हणजे कचेरी. परदेशात हॉटेले आणि मोटारी उद्ध्वस्त करणारा हा वीर लंडनच्या कार्यालयात आला की वरिष्ठांची बोलणी खातो. चिटणीस मनीपेनी त्याच्या प्रेमालापाला पुरती ओळखून असते. आणि शस्त्रविभागाचा वृद्ध प्रमुख क्यू दिलेल्या वस्तू धड परत कर म्हणून त्याला दर वेळी दटावतो. डेस्मंड लेवेलिन यांनी १९६३ ते १९९९ या काळात सतरा चित्रपटांत ही भूमिका केली. डेडस्टॉक रजिस्टर सांभाळणाऱ्या कोणत्याही कारकुनाला हा क्यू आपला वाटेल. जगाचा उद्धार करून आलास हे ठीक, पण सरकारी मोटार कोठे आहे? या प्रश्नात हास्य आहे आणि एक नैतिक शिस्तही. मारण्याचा परवाना मिळालेल्या माणसालाही कोणाला तरी हिशेब द्यावा लागतो, याची ती आठवण आहे.

यावर काहींचे म्हणणे असे की, विनोद अजिबात नकोच; हेराचे जग काळोखाचे आहे, ते तसेच दाखवावे. तोही प्रयोग झाला. १९८९ चा ‘लायसन्स टू किल’ सूडाने पेटलेला आणि रुक्ष होता. पुढे २००२ च्या ‘डाय अनदर डे’मध्ये अदृश्य होणारी मोटार आली आणि थिल्लरपणाची परिसीमा झाली, तेव्हा २००६ च्या ‘कॅसिनो रॉयल’मध्ये डॅनियल क्रेगच्या रूपाने पुन्हा कठोर बाँड अवतरला. पण त्या कठोर चित्रपटातील सर्वांत लक्षात राहणारा विनोद छळाच्या प्रसंगात आहे. खुर्चीला बांधलेला, विवस्त्र, वेदनेने किंचाळणारा नायक छळणाऱ्याचीच टर उडवितो. त्याच्याजवळ दुसरे शस्त्र उरलेले नाही. असा विनोद म्हणजे धैर्याचेच एक रूप होय. यावरून इतके तरी सिद्ध होते की, गांभीर्य वाढविण्यासाठी हास्याची हकालपट्टी करावी लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक सहानुभूतीने ऐकावा असा आहे. दिवसभर राबून थकलेला माणूस तीन घटका करमणुकीसाठी चित्रपटाला जातो. त्याला या तात्त्विक काथ्याकुटाशी काय कर्तव्य? त्याला मोकळेपणाने हसू द्यावे. हसू अवश्य द्यावे. परंतु माणूस करमणुकीच्या वेळी सर्वांत असावध असतो आणि त्या वेळी लागलेल्या सवयी टिकाऊ असतात. मेलेल्या माणसावर कोटी करून पुढे जाणारा नायक वर्षानुवर्षे पाहिल्यावर मरणाऱ्याला नाव, घर, आई असू शकते याचा विसर पडतो. हिंदी चित्रपटसृष्टीने १९६७ च्या ‘फर्ज’पासून हेरपटाची वाट धरली आणि २०२३ च्या ‘पठाण’पर्यंत तिचा राजरस्ता झाला. ‘पठाण’च्या अखेरीस दोन प्रौढ नायक आपल्या वाढत्या वयावर आणि आपली जागा घेणार कोण यावर मिस्कीलपणे बोलतात. तो प्रसंग सुखावतो. कारण तेथे बलवान माणूस स्वत:ला हसतो. राष्ट्रभक्तीचा आवेश जितका मोठा, तितकी स्वत:ला हसण्याची ही शक्ती अधिक आवश्यक.

नव्या बाँडने किती हसावे हे त्याच्या निर्मात्यांनी ठरवावे. प्रेक्षकाने मात्र दर हशानंतर एकच गोष्ट तपासावी. भीती खोटी होती म्हणून हसू आले, की भीती खरी असूनही आले? दुबळ्याचा अपमान झाला म्हणून हसू आले, की बलवानाचा तोरा उतरला म्हणून? गावातला बहुरूपी खेळ संपला की पोलिसाची टोपी काढून हात पुढे करी, आणि ज्याच्या नावाचे वॉरंट निघाले होते तोच हसत हसत त्याच्या झोळीत पसाभर ज्वारी घाली. सत्तेची टोपी घातलेल्या प्रत्येकाने, पडद्यावर असो वा पडद्याबाहेर, ती अधूनमधून काढून दाखविली पाहिजे. ज्याला ती काढता येत नाही, त्याच्या विनोदाला हसण्यापूर्वी थोडा विचार केलेला बरा.