भिंतीवर वग रंगू द्या

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावची पंचमंडळी येतात, यात्रेची तारीख सांगतात, आकड्यावरून घासाघीस करतात आणि सुपारी देऊन जातात. भाऊ-बापू मांग आणि विठाबाईंचं हे गाव. गण, गवळण, बतावणी झाली की वग उभा राहतो आणि सोंगाड्या पुढच्या रांगेत बसलेल्या पुढाऱ्याचीच टोपी उडवतो. पुढारीही हसतो. त्याला हसावंच लागतं.

अशा तिखट चवीच्या जुन्नर-आंबेगावात भिंती मात्र आळणी आहेत. शाळा, ग्रामपंचायत, एसटीचा थांबा, जिथे तिथे घोषवाक्यं. हुंडा घेऊ नका, दारू पिऊ नका. भिंतीपुढून वरात जाते आणि त्या अक्षरांकडे कोणी मान वळवून पाहत नाही. या भिंतींवर चित्रांचा वग रंगवायला हवा, आणि सुरुवात विल्यम होगार्थच्या चित्रांच्या हातानं काढलेल्या नकलांनी करायला हरकत नाही.

होगार्थ अठराव्या शतकातला लंडनचा चित्रकार. १७४३च्या सुमारास त्यानं एका लग्नाची गोष्ट सहा चित्रांत रंगवली. ती आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहेत. पहिल्याच चित्रात सोयरीक ठरते आहे. कर्जात बुडालेला उमराव सुजलेला पाय पुढे टाकून आपल्या वंशवृक्षाकडे बोट दाखवतो, पैसेवाला व्यापारी करारनामा वाचतो. नवरदेव आरशात स्वतःलाच न्याहाळतो आणि नवरीच्या कानाशी एक वकील लागलेला. पायाशी साखळीनं एकत्र बांधलेली दोन कुत्री. सहाव्या चित्रापर्यंत नवरा त्याच वकिलाच्या हातून मेलेला असतो, वकील फासावर गेलेला असतो आणि बायको विष घेते. मंचरच्या किंवा ओतूरच्या माणसाला यातलं काय समजावून सांगावं लागेल? डोक्यावरचे केसांचे टोप तेवढे परके, बैठक ओळखीची.

दुसरी मालिका आठ चित्रांची. कंजूष बापाचा पैसा हाती पडलेला पोरगा शिंपी, तालीमबाज आणि खुशमस्कऱ्यांच्या गराड्यात सापडतो, जुगारात सगळं घालवतो आणि कर्जबाजाऱ्यांच्या तुरुंगातून वेड्यांच्या इस्पितळात पोहोचतो. पुणे-नाशिक महामार्गाच्या कडेला जमिनीचा मोबदला आला, दारात गाडी आली, मग बँकेची नोटीस आली, ही कथा इथे पारावर चवीनं सांगितली जाते. ती कोणी रंगवत नाही, एवढंच.

नक्कल म्हणजे दुय्यम काम, हा आक्षेप येणारच. पण ही कला नकलांवरच जगली आहे. होगार्थची एका वेश्येच्या आयुष्यावरची सहा मूळ चित्रं १७५५च्या आगीत जळाली. ती गोष्ट आज माहीत आहे ती छापील प्रतींमुळे. चोरट्या नकलांना मात्र तो इतका वैतागला होता, की १७३५मध्ये इंग्लंडात खोदचित्रांच्या हक्काचा कायदा करून घेण्यात त्यानं पुढाकार घेतला. तो वारला १७६४ साली, त्यामुळे आता कोणाची परवानगी लागणार नाही. एक सावधगिरी हवी: लग्नाच्या मालिकेच्या छापील प्रती आरशातल्यासारख्या उलट्या आहेत, तेव्हा नमुना मूळ रंगचित्रांचाच घ्यावा.

आपल्याकडेही हे नवं नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या चित्रांच्या पोथ्या समोर धरून रामायण-महाभारत सांगत आले. जुनी चित्रं पाहून नवी काढणं हा त्या परंपरेचाच भाग. परशुराम गंगावणे यांना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी.

हे काम फ्लेक्सवर छापून भागणार नाही. फ्लेक्सनं ज्या पेंटरांचं पोट मारलं, त्यांनाच ते द्यावं. हातानं नक्कल काढणाऱ्याला कोपऱ्यातलं कुत्रंही नीट पाहावं लागतं, आणि ते काढताना गावातली पोरं भोवती जमून प्रश्न विचारतात. पहिली मालिका हुबेहूब काढावी. दुसरीत टोप जाऊन फेटे यावेत, जुगाराच्या टेबलाजागी बैलगाडा शर्यतीचा घाट यावा. मात्र कोणत्याही जिवंत माणसाचा चेहरा येऊ नये, नाहीतर रंग वाळण्याआधी भांडण लागेल.

शाळांच्या ‘बोलक्या भिंतीं’वर खर्च होतोच. त्यातल्या सहा भिंती नारायणगावात आणि आठ घोडेगावात या कामाला द्याव्यात, खाली एकही घोषवाक्य न लिहिता. यात्रेच्या आदल्या संध्याकाळी फडातल्या एखाद्या सोंगाड्याला रीतसर बिदागी देऊन त्या चित्रांपुढे उभं करावं. पुढचं तो बघून घेईल.