पानिपतच्या गोटाला रोज धान्य किती लागले?

फणसवाडीत आमच्या चाळीच्या उत्सवाचा शिधा मी काढते. दोनशे पाने म्हटली की तांदूळ किती, डाळ किती, हे मला तोंडपाठ आहे. म्हणून संक्रांतीच्या सुमारास भाषणांत ‘पानिपतावर पाच लाख मराठे’ असे ऐकले की मी आधी धान्याचा हिशेब मांडते.

अफगाण बादशहा अहमदशहा अब्दालीच्या बाजूला लढणाऱ्या, अवधचा नवाब शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने हा आकडा ऐकीव म्हणून नोंदवला. त्यात बायका, मुले, बाजारबुणगे सगळे आले. लढणारे त्यानेच ५५ हजार स्वार आणि १५ हजार पायदळ असे दिले. इतिहासकार जदुनाथ सरकारांनी रणातले मराठे ४५ हजारांवर आणले. बुणग्यांना शिपाई केले ते आपण.

मला तर गोटातले पाच लाखही पटत नाहीत. माणशी अर्धा किलो धान्य धरा. रोजचे अडीच हजार क्विंटल झाले. बैलाच्या पाठीवर साधारण एक क्विंटल, म्हणजे रोज अडीच हजार लादलेले बैल गोटात यायला हवेत. घोड्यांची चंदी वेगळीच. नोव्हेंबर १७६० पासून मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ तिथे अडकले होते, दिल्लीची वाट अब्दालीने तोडली होती, आणि ज्यांच्या रसदीवर भिस्त होती ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. ऑक्टोबरात कुंजपुऱ्याच्या किल्ल्यात मिळालेले धान्य एवढ्या माणसांना फार दिवस पुरले नसते. पाच लाख माणसे १४ जानेवारीच्या लढाईपर्यंत तगलीच नसती.

असे फुगवलेले आकडे जुनेच आहेत. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इराणचा बादशहा झर्क्सिसबरोबर, इ.स.पू. ४८० मध्ये, नोकरचाकर धरून ५२ लाखांवर माणसे ग्रीसवर आणली. जर्मन इतिहासकार हान्स डेलब्र्युकने रांगेची लांबी मोजली: पहिला शिपाई थर्मोपिलीला पोचेल तेव्हा शेवटचा इराणातल्या सुसाहून निघत असेल!

आकडा उतरवला की शौर्य उतरते, असे चाळीतले एक काका मला रागावून सांगतात. मला ते मान्य नाही. पाठीशी एवढे न लढणारे लोक घेऊन, उपाशीपोटी, त्या सकाळी मोजकेच लोक चालून गेले, हे खऱ्या आकड्यानेच कळते. यंदा पानिपतावर बोलणाऱ्यांनी लढणारे वेगळे सांगावेत, बुणगे वेगळे, आणि त्या गोटाला रोज किती धान्य लागत होते तेही सांगावे.