बियाणे कोणाच्या मालकीचे?

बालाघाटच्या माथ्यावरील मांजरसुंबा परिसरात कपाशी ही पावसाच्या भरवशावरची शेती आहे. ती साधली तर घरात वर्षाचे धान्य येते. बोंडे किडली तर कोयता घेऊन ऊसतोडीची वाट धरावी लागते. बियाण्याचा कायदा येथे भाकरीचा प्रश्न होतो तो असा.

मार्च 2002 मध्ये केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मंजुरी समितीने महिको-मोन्सॅन्टोच्या तीन बीटी संकरित वाणांना परवानगी दिली. हे जनुक पर्यावरणास वा जनावरांस घातक आहे काय, एवढे पाहणे हे समितीचे काम होते. परंतु ते संकरित बियाण्यातच का कोंडावे, आणि लांब मुदतीचे असे पीक हलक्या कोरडवाहू जमिनीत तगेल काय, हे विचारणे कोणाचेच काम नव्हते! संकरित कपाशीची सरकी राखून पेरली तर तेच पीक येत नाही. दर मृगाला दुकानाची पायरी चढणे आलेच.

कडेने बिगर-बीटी कपाशी लावण्याची अट होती. दोन एकरांच्या धन्याने त्यातील पाचवा हिस्सा अळीसाठी सोडावा आणि त्याची भरपाई मात्र कोणी देऊ नये, ही अट पाळली जाईल असे मानणाऱ्यांनी शेत पाहिले होते काय? 2017 च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने बोलगार्ड-2 चे कवच भेदले, तेव्हा दोष शेतकऱ्याच्या माथी आला.

यावर 'निर्बंधच नकोत' असा उपाय सुचविला जातो. 2019 मध्ये अकोट तालुक्यात शेतकरी संघटनेने तणनाशक-सहनशील कपाशी विनापरवाना उघडपणे लावली. त्यामागील संताप आम्ही समजू शकतो. निष्कर्ष मान्य नाही. चोरट्या पाकिटाला पावती नसते, उगवले नाही तर दाद मागता येत नाही. शिवाय खुरपणीवर जगणाऱ्या मजूर स्त्रियांचा विचार या लढ्यात कोणी केला?

सरकारी संशोधनही निर्दोष नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे 'बिकानेरी नरमा बीटी' हे सरळ वाण, ज्याची सरकी राखून पेरता येते, 2009 मध्ये शेतात आले. त्यात मोन्सॅन्टोचेच जनुक आढळल्याने ते मागे घ्यावे लागले. ती नामुष्की होती. पण दिशा योग्य होती. सार्वजनिक संस्थांनी त्यानंतर बीटीचे सरळ वाण काढले आहेत. ते महाबीजमार्फत मृगापूर्वी बीड तालुक्यातील दुकानांत आले पाहिजेत. किती पाकिटे, कोणत्या दुकानी, याचे लेखी उत्तर कार्यकर्त्यांनी कृषी अधिकाऱ्यांकडून उन्हाळ्यातच घ्यावे.