कुलूप सरकारचे, किल्ली कोणाच्या हाती?

१२ डिसेंबर १९३०. मुंबईच्या काळबादेवीत विदेशी कापडाने भरलेला ट्रक निघाला होता. तो अडवण्यासाठी बाबू गेनू सैद हा बाविशीतला गिरणी कामगार रस्त्यात आडवा झाला आणि त्या ट्रकच्या चाकाखाली चिरडला गेला. आंबेगाव तालुक्यातील म्हाळुंगे पडवळच्या या शेतकरीपुत्राच्या प्रतिमेला आपण दरवर्षी हार घालतो, स्वदेशीवर भाषणे करतो आणि घरी परततो. आजचा विदेशी कापडाचा ट्रक मात्र काळबादेवीतून उजळ माथ्याने जात नाही. तो न्हावा-शेव्याच्या बंदरातून निघतो, मोहरबंद कंटेनरमधून निघतो आणि त्याच्या कागदपत्रांवर लिहिलेले असते, 'निर्यातीसाठी'. त्या ट्रकसमोर आडवे होण्याचा प्रश्नच येत नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने त्यातले कापड या देशात आलेलेच नसते!

बॉण्ड म्हणजे दिलेला शब्द

हे गूढ नीट समजून घेतले पाहिजे. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या ५८ व्या कलमाखाली खासगी वखारीचा परवाना मिळतो आणि ६५ व्या कलमाखाली त्याच वखारीत आयात मालापासून नवा माल तयार करण्याची अनुमती मिळते. बोलीभाषेत यालाच 'बॉण्डेड' कारखाना म्हणतात. आयात केलेले कापड तेथे शुल्क न भरता येते. कारखानदार सरकारला हमीपत्र लिहून देतो, की या कापडाचे कपडे शिवून मी परदेशी पाठवीन. काही देशातच विकले, तर त्यावरील शुल्क भरीन. १९८० च्या अखेरीस शंभर टक्के निर्यातप्रधान कारखान्यांची योजना आली, तिचा पायाही हाच. ३१ मार्च २००३ च्या ५२ क्रमांकाच्या अधिसूचनेने या कारखान्यांच्या शुल्कमाफीची चौकट आखून दिली.

या व्यवस्थेत मुळात काहीही गैर नाही, हे प्रारंभीच स्पष्ट केलेले बरे. आपल्या देशाचा कर आपल्या निर्यातीच्या किमतीत मिसळू नये, हे शहाणपणच आहे. परदेशी ग्राहक पुष्कळदा कोणते कापड घ्यायचे, कोणत्या गिरणीचे घ्यायचे, हेही ठरवून देतो. तेव्हा तिरुपूरच्या वा बंगळूरच्या निर्यातदाराला ते आणावेच लागते. म्हणून वाद बॉण्डशी नाही. वाद आहे तो दिलेला शब्द मोडणाऱ्यांशी आणि मोडलेला शब्द पाहूनही डोळ्यांवर कातडे ओढून घेणाऱ्या व्यवस्थेशी.

गळतीच्या वाटा

शब्द मोडण्याच्या वाटा तीन. पहिली, अदलाबदलीची. उंची आयात कापड वखारीतून गुपचूप बाजारात जाते आणि निर्यातीच्या खोक्यांत त्याच वर्णनाचे, पण हलक्या प्रतीचे कपडे भरले जातात. कागदावर मीटर जुळतात, नग जुळतात. जुळत नाही ते फक्त कापड. दुसरी वाट चिंध्यांची. कपडा बेतताना काही कापड वाया जाते, हे कोणताही शिंपी सांगेल. परंतु एका सदऱ्याला किती कापड लागले आणि किती वाया गेले, याचा हिशेब फुगवला की उरलेले चांगले ताग्यांचे ताग 'चिंध्या' म्हणून मोकळे होतात. तिसरी वाट वर्णनाची. धागा अखंड तंतूचा की तुकड्यांचा, कापड विणलेले की निटिंगचे, वर लेप आहे की नाही, चौरस मीटरला वजन किती, मिश्रणात पॉलिएस्टर किती, यावर शुल्काचा दर आणि सवलतीची पात्रता बदलते. एका शब्दाचा फेर आणि लाखोंचा फरक!

पूर्वी अशा वखारींवर सीमाशुल्क खात्याचे प्रत्यक्ष कुलूप असे. माल आत-बाहेर करताना अधिकारी हजर असावा लागे. त्या कुलपातही भ्रष्टाचाराच्या फटी होत्या, हे मान्य. २०१६ च्या वित्त कायद्याने ती पद्धत मोडीत काढली आणि मोजक्या संवेदनशील वस्तूंच्या विशेष वखारी वगळता बाकी साऱ्यांसाठी नोंदवहीवर आधारलेली देखरेख आणली. निर्यातप्रधान कारखान्यांना तर त्याच वर्षी वखारीच्या परवान्यातूनही मोकळीक मिळाली. १ ऑक्टोबर २०१९ पासूनच्या नव्या नियमांनी ६५ व्या कलमाखालील कारखानदारी अधिकच सुलभ केली. तिच्यात निर्यातीचे बंधनही नाही, देशात विकताना शुल्क भरले की झाले. उद्योगस्नेही धोरण म्हणून याचे स्वागत झाले आणि ते योग्यही होते. पण कुलूप काढले, तर पहारेकऱ्याची नजर तीक्ष्ण व्हावयास हवी. ती झाली काय?

आता दुसरी बाजू पाहा. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्राने ३२८ वस्त्र-वस्तूंवरील आयात शुल्क १० टक्क्यांवरून २० टक्के केले. मार्च २०२४ मध्ये कृत्रिम धाग्याच्या काही निटेड कापडांसाठी किलोमागे साडेतीन डॉलरची किमान आयात किंमत ठरवली आणि पुढे तिची मुदत वाढवली. २०२५ च्या अर्थसंकल्पात अशाच नऊ शुल्क-शीर्षांवर २० टक्के किंवा किलोमागे ११५ रुपये, यांपैकी जे अधिक ते, असे शुल्क बसवले. निर्णय स्तुत्यच आहेत. परंतु भिंत जितकी उंच, तितकी मागच्या दाराची किंमत अधिक! शंभर रुपयांच्या कापडावर वीस रुपये शुल्क असेल, तर ते चुकवणाऱ्याला वीस रुपयांची आघाडी आयतीच मिळते. म्हणजे आपल्या विणकराच्या रक्षणासाठी वाढवलेले शुल्क हेच चोराचे भांडवल ठरते.

खटल्यात नसलेला पक्ष

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग सुरू केला, त्याला शतक उलटून गेले. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांचे विणकाम मोठ्या प्रमाणावर भिवंडीच्या शेडांत गेले. मालेगाव आहे, सोलापूर आहे. देशातील निम्म्याहून अधिक कापड यंत्रमागांवर विणले जाते. तेथे मजुरी मीटरमागे पैशांत मोजतात. दुसऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर विणणारा खर्चीवाला यंत्रमागधारक चार-सहा मागांवर घर चालवतो. विजेचे बिल, कांडीवाल्याची मजुरी, सायझिंगचा खर्च हे सारे त्याच पैशांतून भागवायचे. जिथे दोन-चार पैशांच्या वाढीसाठी मोर्चे निघतात, तिथे वीस रुपयांची चोरटी आघाडी घेऊन आलेले कापड बाजारात उतरले, तर माग बंद पडण्यावाचून गत्यंतर काय? आणि माग बंद पडला, की तो भंगारात वजनावर जातो.

अशी चोरी पकडली जाते तेव्हा काय होते? नोटीस निघते. आयुक्तांसमोर सुनावणी होते, मग अपिलीय न्यायाधिकरण, मग उच्च न्यायालय वा सर्वोच्च न्यायालय. या साऱ्या प्रवासात पक्ष दोनच, आयातदार आणि सरकार. ज्याच्या मागाचा खडखडाट थांबला तो विणकर या वादात कुठेच नसतो. त्याला नोटिशीची प्रत मिळत नाही, त्याचे म्हणणे कोणी ऐकत नाही, चोरीच्या मालाने त्याच्या बाजारात भाव किती पडला, हा प्रश्नही उपस्थित होत नाही. वसूल झालेले शुल्क आणि दंड सरकारी तिजोरीत जातो. विणकराच्या पदरात काय पडते?

हे अपरिहार्य आहे असे कोणी सांगू नये. परदेशी माल पाडलेल्या किमतीत ओतला जातो, तेव्हा १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्याखाली आणि १९९५ च्या नियमांखाली चौकशी होते. त्या चौकशीत 'देशी उद्योग' हा मान्यताप्राप्त पक्ष असतो. त्याची हानी मोजली जाते, त्याची बाजू ऐकली जाते. उघड दाराने येणाऱ्या स्वस्त मालाविरुद्ध देशी उत्पादकाला आवाज आहे आणि चोरदाराने येणाऱ्या मालाविरुद्ध तो मुका आहे, हा कुठला न्याय?

त्यात कायद्याच्या कीसपाटाची भर. ३० जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने दिलीपकुमार आणि कंपनी खटल्यात निःसंदिग्ध सांगितले, की सवलतीच्या अधिसूचनेचा अर्थ काटेकोरपणे लावावा आणि संदिग्धतेचा लाभ करदात्याला नव्हे, सरकारला मिळावा. उत्तम तत्त्व! पण ९ मार्च २०२१ रोजी कॅनन इंडिया खटल्यात निर्णय आला, की महसूल गुप्तवार्ता संचालनालयाचे अधिकारी २८ व्या कलमाखाली नोटीस काढण्यास 'योग्य अधिकारी' नाहीत. तो निर्णय कॅमेऱ्यांच्या आयातीसंबंधी होता, पण त्याच्या आडोशाला असंख्य प्रकरणे जाऊन बसली. सरकारला २०२२ मध्ये कायदा दुरुस्त करावा लागला आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेरविचारात ते अधिकारी 'योग्य' असल्याचे मान्य केले. साडेतीन वर्षे वाद कशावर? चोरी झाली की नाही, यावर नव्हे. पत्रावर सही कोणी करायची, यावर! चोरीचे कापड एवढ्या काळात विकले गेले, शिवले गेले, विटले आणि फाटलेही.

चोर सोडून संन्याशाला फाशी

यावर एक ठरलेले उत्तर मिळते: 'कडक कारवाई केली तर निर्यात बुडेल.' खरे तर आजच्या गोंधळाचा पहिला बळी प्रामाणिक निर्यातदारच आहे. त्याचा कंटेनर कापडाच्या नमुन्याच्या तपासणीसाठी बंदरात अडकतो. अहवाल येईपर्यंत जहाजाची तारीख टळते, मग तयार कपडे विमानाने पाठवावे लागतात आणि हंगामाचा सारा नफा भाड्यात जातो. विहित नमुन्यापेक्षा दोन टक्के कापड अधिक वाया गेले म्हणून त्याला वर्षानुवर्षे खुलासे द्यावे लागतात. अपील करायचे तर वादातील रकमेच्या साडेसात टक्के आधी भरावे लागतात. अट्टल चोराला हा खर्च धंद्यातलाच वाटतो; भांडवल तुटपुंजे असलेल्या सरळमार्गी माणसाचा मात्र श्वास कोंडतो. विलंबाचा लाभ एकालाच होतो, आणि तो निर्यातदार नव्हे, विणकरही नव्हे.

शेजारच्या वखारीतून

दुसरी 'उदारमतवादी' ओरड असते, की ग्राहकाला स्वस्त कापड मिळते ना, मग बिघडले काय? याचे उत्तर बांगलादेशात पाहावे. १९७८ साली देश गार्मेंट्सने कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला आणि पुढे तेथील तयार कपड्यांचा सारा डोलारा बॉण्डेड वखारींच्या आधारावर उभा राहिला. पण तिथेही बॉण्डचे कापड जुन्या ढाक्यातील इस्लामपूरच्या बाजारात फुटते आणि नरसिंदीकडील स्थानिक विणकर आक्रोश करतो. माग कोणत्याही देशाचा असो, बॉण्डची गळती त्याला सारखीच गिळते.

या वखारींचा आपल्याशी थेट संबंध आहे. २०११ मध्ये तत्कालीन केंद्र सरकारने बांगलादेशाच्या ४६ वस्त्र-वस्तूंना भारतात शुल्कमुक्त प्रवेश दिला आणि लवकरच ती सवलत जवळपास सर्व वस्तूंपर्यंत वाढवली. दक्षिण आशियाई मुक्त व्यापाराच्या नियमांत पुरेशी मूल्यवृद्धी दाखवली, की आयात कापडापासून शिवलेला कपडाही 'बांगलादेशी' ठरतो. चीनचे कापड ढाक्याच्या वखारीत शुल्काविना शिरावे आणि सदरा होऊन मुंबईत शुल्काविनाच उतरावे, असा हा मार्ग! २०२० मध्ये मालाच्या मूळ देशाचा पुरावा मागणारे नियम आले. १७ मे २०२५ रोजी भूमार्ग बंद करून बांगलादेशी कपड्यांसाठी न्हावा-शेवा आणि कोलकाता ही दोनच बंदरे खुली ठेवली गेली. पावले योग्य दिशेची आहेत. पण चोदा वर्षांनंतरची आहेत, हेही विसरून चालणार नाही.

काय करावयास हवे?

मागण्या अवाजवी नाहीत. बॉण्डच्या कापडाचा मोहरबंद नमुना आयातीच्या वेळी घेतला जावा आणि निर्यातीच्या कपड्याशी तो ताडून पाहिला जावा. मुंबईत वस्त्रोद्योग समितीसारखी संस्था १९६३ च्या कायद्याने उभी आहे, तिच्या प्रयोगशाळांचा पुरेपूर उपयोग व्हावा आणि अहवाल दिवसांत मिळावा, आठवड्यांत नव्हे. कापड किती लागते नि किती वाया जाते, हे प्रमाण ठरवताना यंत्रमागधारकांच्या संघटनांना विचारावे. मालाची वाट बदलल्याच्या प्रकरणांत त्यांनाही बाजू मांडण्याचा अधिकार द्यावा. आणि ज्याच्याविरुद्ध अशी चोरी अंतिमतः सिद्ध होईल, त्याचा परवाना कायमचा जावा. केवळ दंड भरून त्याला नव्या नावाची पाटी लावता येऊ नये.

स्वदेशी म्हणजे विदेशी वस्तूंची होळी, एवढाच अर्थ १९०५ सालीही नव्हता. आपल्या माणसाच्या हाताला काम आणि त्याच्या कामाला न्याय, हा तिचा गाभा होता आणि आहे. बाबू गेनूला ट्रक डोळ्यांसमोर दिसत होता. आजचा ट्रक नोंदवहीच्या पानांत, नमुन्यांच्या पाकिटांत आणि तारखांवर तारखांत दडलेला आहे. त्याला अडवण्यासाठी कोणी प्राण देण्याची आवश्यकता नाही. आपल्या खासदाराला, आपल्या आमदाराला आणि आपल्या शहरातील व्यापारी संघटनेला प्रत्येकाने एकच प्रश्न विचारावा: वखारीचे कुलूप सरकारचे होते, मग किल्ली कोणाच्या हाती गेली? हा प्रश्न पुरेशा तोंडांनी विचारला गेला, तर उत्तर द्यावेच लागेल. इचलकरंजीच्या आणि भिवंडीच्या बंद शेडा त्या उत्तराची वाट पाहत आहेत.