ऋण काढून सण?

डिसेंबर उजाडला की इंग्लंड-अमेरिकेतील वृत्तपत्रांतून एका ठरावीक प्रकारचे लेखन दिसू लागते. थोडक्या पैशांत कुटुंबाचा नाताळ कसा साजरा करावा, याविषयीचा तो सल्ला असतो. टर्कीऐवजी कोंबडी आणावी, भेटवस्तू घरीच तयार कराव्यात, गेल्या वर्षीची सजावट जपून पुन्हा वापरावी, मोठ्यांनी एकमेकांना भेटी न देता मुलांपुरत्याच त्या द्याव्यात, अशा सूचना त्यात असतात. सूचना वाईट नाहीत. परंतु ज्या घरात महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातच पैसे संपतात, त्या घरातील बाईला त्या कोणी शिकवाव्या लागत नाहीत. त्या लेखकाला सुचण्याच्या कितीतरी आधी तिने त्या अमलात आणलेल्या असतात.

आपल्याकडे दसरा-दिवाळीच्या तोंडावर हाच उपदेश वेगळ्या शब्दांत ऐकू येतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ऋण काढून सण करू नये, ही सुभाषिते गरिबाला ऐकवण्यात आपल्या चळवळीतील कार्यकर्तेही मागे नसतात. हुंड्याविरुद्ध आणि लग्नातील उधळपट्टीविरुद्ध आपण केलेला प्रचार योग्यच होता व आहे. पण ज्याची उधळण्याची ऐपत आहे त्याला साधेपणाचा आग्रह करणे वेगळे आणि ज्याच्या वाट्याला वर्षातून एकच गोडाचा दिवस येतो त्याला तोही कमी करावयास सांगणे वेगळे. अंथरूण एवढे आखूड का, हा समाजवाद्याचा पहिला प्रश्न असला पाहिजे. आणि गरीब माणूस सणासाठी पै पै साठवतो, ती पै कोणाच्या हाती असते, हा दुसरा. नाताळच्या सणाचा इंग्लंडमधील इतिहास या दुसऱ्या प्रश्नावर विलक्षण प्रकाश टाकतो, म्हणून तो थोडा तपशिलाने पाहणे उपयुक्त ठरेल.

१९ डिसेंबर १८४३ रोजी चार्ल्स डिकन्सचे 'अ ख्रिसमस कॅरोल' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी कारखान्यांत राबणाऱ्या मुलांच्या स्थितीविषयीचा सरकारी आयोगाचा अहवाल बाहेर पडला होता आणि त्याने डिकन्स अस्वस्थ झाला होता. या कथेतला बॉब क्रॅचिट हा कारकून आठवड्याला पंधरा शिलिंग मिळवतो. घरात सहा मुले, त्यांतला एक अपंग. तरीही त्या घरात नाताळचे जेवण होते. हंस घरी भाजण्याइतकी मोठी भट्टी नाही, म्हणून तो पाववाल्याच्या भट्टीवर पाठवावा लागतो. पुडिंग घरातल्या माणसांच्या मानाने लहानच आहे. पण ते लहान आहे, असे घरातले कोणीही म्हणत नाही. गरिबाच्या सणातला स्वाभिमान ज्याला कळला आहे, अशाच लेखकाला हे लिहिता आले असते.

मात्र कथेचा शेवट काय होतो? कंजूष मालक स्क्रूज याला रात्री भुते दिसतात, त्याचे हृदयपरिवर्तन होते, तो क्रॅचिटच्या घरी भली मोठी टर्की पाठवतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचा पगार वाढवतो. डिकन्सच्या करुणेविषयी शंका नाही. पण मालकाला स्वप्न पडेपर्यंत कामगाराने वाट पाहावी काय, हा प्रश्न उरतोच. या पुस्तकाची किंमत पाच शिलिंग होती. म्हणजे ज्याच्यावर ते लिहिले होते, त्या क्रॅचिटला ते विकत घ्यावयाचे तर आठवड्याच्या पगाराचा एक तृतीयांश भाग मोजावा लागला असता. पहिल्या आवृत्तीच्या सहा हजार प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या. त्या कोणाच्या घरी गेल्या असतील, हे सांगावयास नको.

प्रत्यक्षातले क्रॅचिट मालकाच्या स्वप्नावर विसंबून नव्हते. त्या काळी लंडनमधील कष्टकरी वस्त्यांत 'हंस मंडळ्या' चालत. गुत्त्याच्या मालकाकडे दर आठवड्याला काही पेन्स जमा करावयाचे आणि नाताळला त्याबदली हंस घेऊन जावयाचा, असा तो प्रकार होता. शेरलॉक होम्सच्या एका प्रसिद्ध कथेतले सारे रहस्य अशाच एका मंडळीच्या हंसाभोवती फिरते. आपल्या चाळींतील भिशीची ही इंग्रजी बहीणच म्हणावयाची. तिचा गुण असा की गरिबाला एकदम न झेपणारा खर्च वर्षभरात विभागला जाई. दोष असा की पैसा एकाच माणसाच्या हाती असे आणि त्याचा हिशेब मागण्याचा अधिकार कोणालाही नसे.

'कॅरोल' प्रसिद्ध झाल्यानंतर सुमारे एक वर्षाने, २१ डिसेंबर १८४४ रोजी, नाताळच्या चार दिवस आधी, लँकेशायरमधील रॉचडेल गावी टोड लेन नावाच्या गल्लीत एक लहानसे दुकान उघडले. मालात लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि काही मेणबत्त्या, एवढेच होते. अठ्ठावीस विणकरांनी व कारागिरांनी आठवड्याला दोन-तीन पेन्स बाजूला टाकून अठ्ठावीस पौंडांचे भांडवल उभे केले होते. त्यांनी ठरवलेले नियम आज साधे वाटतात, पण त्या काळी ते क्रांतिकारक होते. माल शुद्ध असावा, माप पुरे असावे, उधारी नसावी, प्रत्येक सभासदाला एकच मत असावे आणि नफा भांडवलाच्या नव्हे तर खरेदीच्या प्रमाणात वाटावा. हिशेब सभासदांच्या सभेत मांडले जात. पुढे हा लाभांश इंग्रज कामगाराच्या घरात 'डिव्ही' या लाडक्या नावाने ओळखला जाऊ लागला. मुलांचे बूट, हिवाळ्याचे कपडे, सणाचा खर्च अशा गोष्टी त्यातून निघत. ती रक्कम उपकाराची नव्हती. रोजच्या पिठा-साखरेच्या खरेदीतून जमलेला तो त्यांचाच पैसा होता.

एका वर्षाच्या अंतराने नाताळच्या प्रश्नाची दोन उत्तरे अशी पुढे आली. पहिले दयाळू धनिकाच्या टर्कीचे, दुसरे कामगारांच्या स्वतःच्या दुकानाचे. जगाने पहिले उत्तर डोक्यावर घेतले. दर नाताळला ते रंगभूमीवर आणि पडद्यावर येते. दुसरे मात्र सहकाराच्या अभ्यासक्रमातील एका परिच्छेदापुरते उरले.

हे विस्मरण किती महाग पडते, ते २००६ साली दिसून आले. फेअरपॅक नावाची एक ब्रिटिश कंपनी नाताळसाठी बचत योजना चालवत असे. ग्राहकांनी वर्षभर हप्ते भरावयाचे आणि नाताळपूर्वी कंपनीने खाद्यपदार्थांची करंडी किंवा दुकानांची खरेदीपत्रे द्यावयाची. हप्ते गोळा करण्याचे काम वस्तीतल्याच बायका करीत. त्या आपल्या बहिणींकडून, शेजारणींकडून पैसे घेत. या पैशावर व्याज मिळत नसे. मग बँक सोडून लोक तिकडे का जात? याचे उत्तर ज्याने तुटपुंज्या पगारावर संसार केला आहे, त्याला लगेच कळेल. बँकेतला पैसा विजेचे बिल आले की काढला जातो. येथे तो मध्येच हाती लागत नसे, हीच त्याची किंमत होती. नाताळच्या दिवशी मुलांसमोर रिकाम्या हाताने उभे राहावे लागू नये, म्हणून ती आई स्वतःच्या पैशाला स्वतःच कुलूप लावीत होती. अन्यथा उरे तो दारावर येणारा सावकार. इंग्लंडमध्ये असे परवानाधारक सावकार वर्षाला शेकडो टक्के दराने कर्जे देत. ऋण काढून सण करावा लागू नये, म्हणूनच तर ही सारी बचत होती. सुभाषितात सांगितलेला शहाणपणाच ती बाई आचरीत होती.

१३ ऑक्टोबर २००६ रोजी, नाताळला जेमतेम दहा आठवडे उरले असताना, कंपनी बुडाली. एक लाखाहून अधिक ग्राहकांचे साडेतीन कोटी पौंडांपेक्षा जास्त पैसे अडकले. हप्त्यांचा पैसा स्वतंत्र विश्वस्त खात्यात सुरक्षित ठेवलेला नव्हता, तो कंपनीच्या सर्वसाधारण व्यवहारात मिसळून गेला होता. कायद्याच्या दृष्टीने त्या आया बिनतारण धनको ठरल्या, म्हणजे वाटपाच्या रांगेतल्या अगदी शेवटच्या. ज्या बायकांनी पैसे गोळा केले होते, त्यांना शेजारणींना तोंड दाखवणे कठीण झाले. त्यांचा गुन्हा काहीच नव्हता, पण विश्वास त्यांच्या नावावर टाकला गेला होता.

मग काय झाले? प्रथम दानधर्म जागा झाला. निधी उभा राहिला, मोठ्या दुकानांनी व बँकेने देणग्या दिल्या, थोडीफार खरेदीपत्रे वाटली गेली. १८४३ची टर्की पुन्हा एकदा दारात आली. न्याय मात्र सावकाश आला. कंपनीला कर्ज देणाऱ्या बँकेच्या भूमिकेवर न्यायालयात टीका झाल्यानंतर २०१२ साली त्या बँकेच्या नव्या मालक समूहाने ८० लाख पौंड दिले, आणि सर्व मिळून ग्राहकांच्या हाती त्यांच्या पैशाच्या सुमारे निम्मी रक्कम पडली. अशा बचत योजनांतील पैसा विम्याने किंवा विश्वस्त व्यवस्थेने सुरक्षित ठेवलाच पाहिजे, असे बंधन घालणारा कायदा ब्रिटिश संसदेने संमत केला तो २०२४ साली. त्या घटनेला तेव्हा जवळजवळ अठरा वर्षे झाली होती. २००६ साली ज्या मुलाच्या भेटवस्तूचे पैसे बुडाले, ते मूल एव्हाना मतदार झाले होते.

हा इतिहास परक्या देशाचा म्हणून सोडून देता येणार नाही. नाताळ हा महाराष्ट्राचा आणि गोव्याचाही सण आहे. वसईच्या वाड्यांत, अहमदनगर-सोलापूरच्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या आदल्या आठवड्यात करंज्या-चकल्यांचा घाणा लागतो, गोव्यात दोदोल आणि नेवऱ्या होतात आणि हिंदू शेजाऱ्यांकडे ताट जाते. ताट पाठवणे हा सणाचा अर्धा भाग असतो. त्यात काटकसर करावयाची म्हणजे कोणत्या शेजाऱ्याला वगळावयाचे? तेल, साखर, खोबरे यांचे भाव मात्र धर्म पाहून चढत नाहीत. दिवाळी, ईद आणि नाताळ या तिन्ही सणांना गरीब गृहिणीच्या वहीत आकडे सारखेच असतात. केरळात राज्य शासनाचे नागरी पुरवठा महामंडळ ओणमप्रमाणे नाताळलाही खास बाजार भरवून सवलतीच्या दरात जिन्नस विकते. सणाचा भार हलका करणे हे शासनाचे काम असू शकते, याचा हा घरचाच दाखला आहे.

बचतीच्या बाबतीत आपली स्थिती तर अधिकच नाजूक आहे. सप्टेंबर २०१९मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदारांना प्रारंभी केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. पुढे ती मर्यादा वाढली, तरी तो दसरा आणि ती दिवाळी हजारो घरांत कशी गेली असेल, याची कल्पना करता येते. त्यानंतर फेब्रुवारी २०२०मध्ये बँक ठेवींवरील विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर गेली. पण महाराष्ट्राच्या गावोगावी पसरलेल्या पतसंस्थांतील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे हे संरक्षण नाही. भिशीला तर कोणतेच नाही.

येथे कोणी म्हणेल, बुडालेली ती बँक सहकारीच होती. मग रॉचडेलचे गोडवे कशाला? आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे. पाटीवर सहकार लिहिल्याने सहकार होत नाही. रॉचडेलच्या दुकानाचे सामर्थ्य त्याच्या नावात नव्हते, सभेत वाचल्या जाणाऱ्या हिशेबात आणि तो ऐकून प्रश्न विचारणाऱ्या सभासदात होते. जेथे वार्षिक सभा चहा-बिस्किटांत आटोपते आणि कर्जे कोणाला दिली हे विचारणारा माणूस उपद्व्यापी ठरतो, तेथे सहकारी संस्था आणि गुत्त्याच्या मालकाची हंस मंडळी यांत फरक उरत नाही. नायगावच्या कामगारवस्तीत १९४८ साली ज्यांनी अपना बाजारचा पाया घातला, त्यांना हे ठाऊक होते.

तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांनी सणावाराला गरिबाच्या घरी जाऊन काटकसर शिकवण्याऐवजी तीन गोष्टी कराव्यात. पहिली, आपल्या वस्तीतील भिश्यांची माहिती घ्यावी. त्या मोडण्यासाठी नव्हे, तर जमा रकमेची लेखी नोंद प्रत्येकीच्या हाती राहावी आणि पैसा एकीच्या घरी न राहता दोघी-तिघींच्या सहीने बँकेच्या खात्यात जावा, यासाठी. दुसरी, ज्या पतसंस्थेचे आपण सभासद आहोत, तिच्या सभेला जावे आणि ताळेबंद मागावा. तिसरी, पतसंस्थांतील लहान ठेवींना विम्याचे संरक्षण मिळावे, ही मागणी दर अधिवेशनात लावून धरावी. पहिली दोन कामे वस्तीच्या पातळीवरची आहेत आणि ती उद्यापासून सुरू करता येतील. तिसरी मागणी मान्य होण्यास वेळ लागेल, पण ती करण्यासाठी आणखी एका संस्थेचे दार बंद होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

वर्षातून एक दिवस मुलांच्या ताटात गोड वाढता यावे, शेजारच्या घरी एक ताट पाठवता यावे, एवढीच गरिबाची सणाकडून अपेक्षा असते. ती चैन नव्हे. तिच्यासाठी त्याने वर्षभर आधीच काटकसर केलेली असते. त्या काटकसरीचे रक्षण करणे, एवढेच आपल्याकडून राहिले आहे.