तिसऱ्या वर्गाचे छप्पर

दिवाळीत व्यापारी वहीपूजन करतात. आम्ही सार्वजनिक संस्थांचे चिटणीस वही नुसतीच चाळतो. पूजा करावी एवढी शिल्लक तीत क्वचितच असते. मी तालुक्याच्या गावातील एका वाचनालयाचा चिटणीस आहे. पुस्तके, नियतकालिके, ग्रंथपालाचे वेतन, वीज आणि झाडलोट ही आमची जुनी खर्चखाती. अलीकडे त्यांत एकाची भर पडली आहे: सॉफ्टवेअरचे भाडे. पुस्तकांची देवघेव आणि सभासदांची वर्गणी संगणकावर नोंदली जाते, त्याचे हे भाडे.

एके काळी सॉफ्टवेअरची तबकडी विकत आणली, की ते जुने होईपर्यंत वापरायला आपण मुखत्यार असू. २०१३ साली अ‍ॅडोबी कंपनीने चित्रकामाच्या आपल्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीवर देण्याचे जाहीर केले. ही रीत पुढे पुष्कळांना मानवली. कालचा मालक आज भाडेकरू झाला.

भाडे आले की पायऱ्या आल्या. पहिली फुकट, दुसरी साधी, तिसरी मोठ्यांची, आणि चौथीवर किंमतच लिहिलेली नसते. ‘आमच्याशी बोला’ एवढेच असते. आकारणी बहुधा माणशी. पेढीला हे परवडते, कारण तिथला माणूस दिवसभर खुर्चीत असतो. आमच्याकडे संध्याकाळी तासतासभर येऊन बसणारे निवृत्त शिक्षक आणि कॉलेजची मुले. तास एकच, पण भाडे अख्ख्या महिन्याचे! गेल्या वर्षी सहावा स्वयंसेवक आला आणि आम्ही पाच जणांच्या पायरीवरून पुढच्या पायरीवर ढकलले गेलो. वाढलेली रक्कम बालविभागाच्या नव्या पुस्तकांसाठी राखून ठेवली होती, तेवढीच निघाली.

असे का व्हावे? याचे उत्तर ज्यूल द्युपुई नावाच्या फ्रेंच अभियंत्याने १८४९ सालीच देऊन ठेवले आहे. त्या काळी आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसे. छपराचा खर्च परवडत नव्हता, असे नव्हे. दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणाऱ्याने स्वस्तात तिसऱ्यात बसू नये, म्हणून तिथला प्रवास मुद्दाम कष्टाचा ठेवला होता. आपल्या रेल्वेतील तिसरा वर्ग १९७४ साली गेला. सॉफ्टवेअरच्या बाजारात तो सुखरूप आहे. ‘सिंगल साइन-ऑन’ नावाची एक सोय असते. सगळ्या दारांना एकच किल्ली. माणूस संस्था सोडून गेला की ती काढून घेता येते. सुरक्षिततेची ही गोष्ट अनेक कंपन्या सर्वांत वरच्या पायरीवर ठेवतात. फुकटाच्या पायरीचाही भरवसा नाही. ‘स्लॅक’वर फुकट राहणाऱ्यांना पूर्वी शेवटचे १०,००० संदेश दिसत, २०२२ पासून केवळ ९० दिवसांचे दिसू लागले. पायरी दुसऱ्याची असली, की तिची उंचीही तोच ठरवणार.

न्यायाने बोलायचे, तर मोठ्याने जास्त द्यावे आणि लहानाला सवलत मिळावी, यात वावगे काही नाही. धर्मादाय संस्थांना कित्येक कंपन्या सवलत देतातही. पण सवलत ही मेहेरबानी, हक्क नव्हे.

मग उपाय काय? तो एका लहानशा ग्रंथालयानेच काढला. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टची जुनी प्रणाली २००० साल उजाडताच निकामी होणार होती. त्यांनी कातिपो कम्युनिकेशन्स या स्थानिक मंडळींकडून नवी करून घेतली, जानेवारी २००० मध्ये ती वापरात आणली आणि जीपीएल परवान्याखाली जगाला खुली केली. तिचे नाव ‘कोहा’. माओरी भाषेत त्याचा अर्थ भेट. आणि भेट म्हटली की परतफेडीची जाणीव आलीच. तिथे माणशी आकार नाही. देवनागरीत सूचीही करता येते.

मात्र फुकट मिळालेल्या गाईलाही वैरण लागते. कोहाला लिनक्स जाणणारा माणूस हवा, रोजची नक्कल काढून ठेवायला हवी, आणि त्या माणसाला मानधन द्यायला हवे. पण तो पैसा गावातल्याच एका हुशार मुलाच्या हाती पडतो आणि विद्या गावात राहते.

आमच्या कार्यकारी मंडळाने या वर्षी तोच ठराव केला आहे. इतर संस्थांच्या चिटणिसांना एवढेच सांगेन: सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. दुसऱ्या वर्षी भाडे किती? एक माणूस वाढला तर किती? आणि आम्ही निघालो तर आमची सूची आमच्या हाती पूर्ण आणि वाचता येईल अशी देणार का? तिसऱ्या प्रश्नाला विक्रेता अडखळला, तर चहा पाजून त्याला निरोप द्यावा. पुस्तके आपली आणि त्यांची यादी परक्याची, अशी अवस्था कोणत्याही वाचनालयावर येऊ नये.