मनमाडला उतरा

१२ ऑगस्ट हा भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांचा जन्मदिवस; तोच ग्रंथपाल दिन. प्रतिमापूजन, हार, दोन भाषणे आणि चहापान एवढ्यावर आपल्याकडचा ग्रंथपाल दिन उरकतो. नाशिक जिल्ह्यातील ग्रंथपालांनी यंदा त्या दिवशी मनमाडला जावे आणि तिथल्या एखाद्या वाचनालयात उघडण्यापासून बंद होईपर्यंत बसावे.

मनमाडच का? मुंबई, भुसावळ, दौंड आणि छत्रपती संभाजीनगर या चारही बाजूंच्या गाड्या इथे येतात. शेजारच्या जिल्ह्यांतील मंडळीही सकाळी येऊन रात्री घरी पोहोचतील. शिवाय गाव रेल्वेचे. कुणी पाळीने ड्यूटी करणारा, कुणी पुलांचे गर्डर बनवणाऱ्या कारखान्यातला, कुणी पहाटे पंचवटी एक्स्प्रेस गाठून रात्री उशिरा परतणारा. ठरलेल्या वेळी उघडणारे वाचनालय यांपैकी किती जणांच्या उपयोगाचे, हे तिथे बसल्याशिवाय कळणार नाही.

अशा भेटीची गरज आपल्या ग्रंथालयांच्या रचनेतूनच येते. ग्रंथालयाचा कायदा करण्यात कोल्हापूर संस्थान १९४५ मध्येच पुढे होते. रंगनाथन यांच्या प्रयत्नांतून १९४८ मध्ये झालेल्या मद्रासच्या कायद्याने ग्रंथालय कर आणला आणि शाखांच्या जाळ्याला आधार दिला. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात कर नाही. इथली वाचनालये संस्था चालवतात आणि अ, ब, क, ड अशा वर्गानुसार सरकार अनुदान देते. लोकांनी उभारलेली ही वाचनालये आपले वैभव आहेत. पण एका वाचनालयाचे दुसऱ्याशी नाते मात्र जुळले नाही. छोट्या वाचनालयात बाहेरून कुणी आलेच, तर ते तपासणीला येते. दाखल नोंदवही, सभासदसंख्या, जमाखर्च पाहिला की काम संपते.

भेटीला आलेल्या सहकारी ग्रंथपालाने वेगळे पाहावे. कपाटातली कुठलीही दहा पुस्तके काढून शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी वाचावी. कोणते पुस्तक महिन्याला फिरते आणि कोणते दहा वर्षे हलले नाही, हे ती चिठ्ठी सांगते. देवघेवीच्या टेबलाशी तासभर बसून किती वाचक रिकाम्या हाताने परत गेले ते मोजावे. अभ्यासिकेत सकाळपासून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा कथा-कादंबरीच्या कपाटाकडे कधी वळतो का, हे त्यालाच विचारावे. जाताना आपल्याकडच्या जादा प्रती आणि चांगल्या पुस्तकांची यादी न्यावी. येताना तिथल्या ग्रंथपालाची एखादी युक्ती शिकून यावे. अपुऱ्या पैशांत वाचनालय चालवणाऱ्यांकडे अशा युक्त्या पुष्कळ असतात.

अडचण खरी आहे. अनेक ठिकाणी एकच माणूस झाडलोटीपासून नोंदीपर्यंत सगळे करतो, तोही तुटपुंज्या मानधनावर. तो कुलूप लावून दुसऱ्या गावी जाणार कसा? म्हणून पहिले पाऊल मोठ्यांनी उचलावे. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाला १८४० पासूनची परंपरा आहे. अशा संस्थांनी आपली माणसे छोट्या वाचनालयांत पाठवावीत आणि परतभेटीच्या दिवशी तिथले काम सांभाळायला एक माणूस द्यावा. ग्रंथालय संघांनी हा उपक्रम वार्षिक कार्यक्रमात घालावा, आणि ग्रंथालय संचालनालयाने अशी भेट कर्तव्यावरचा दिवस म्हणून धरावी. खर्च रेल्वेच्या तिकिटाचा आहे. ग्रंथपालांनो, या १२ ऑगस्टला मनमाडचे तिकीट काढा.